हात पुढे, पण ग्रिप कोणती?

गोव्यात गोल्फकडे वळणारा आपला माणूस बहुधा शेतातल्या किंवा शाळेच्या मैदानावरच्या क्रिकेटमधून आलेला असतो, आणि निदान एका बाबतीत ते त्याच्या पथ्यावर पडते. चेंडू जमिनीलगत ठेवायचा तर बॅटची मूठ पात्याच्या पुढे हवी आणि मूठ मागे राहिली की झेल उडतो, हे त्याला सांगावे लागत नाही. आयर्नने, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीने), फटका मारतानाही हेच घडावे लागते. क्लबचे डोके चेंडूला भिडते त्या क्षणी हात लक्ष्याच्या बाजूला थोडे पुढे असावेत आणि क्लबचा दांडा, म्हणजे शाफ्ट, तिकडे कललेला असावा, यालाच शाफ्ट लीन म्हणतात. अडचण अशी, की क्रिकेटमधून हा कल सोबत येतो, पण त्याला साजेशी ग्रिप, म्हणजे क्लब धरण्याची पकड, येत नाही. (पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.)

कलाचा पहिला परिणाम लॉफ्टवर, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या तिरपेपणावर, होतो. ३४ अंशांची सात नंबरची आयर्न ८ अंश पुढे कललेल्या शाफ्टने चेंडूला लागली, तर ती जवळपास २६ अंशांच्या क्लबसारखी वागते. चेंडू खालून आणि लांब जातो, शिवाय आधी चेंडू व मग माती असा स्वच्छ स्पर्श मिळतो. दुसरा परिणाम फारसे कोणी सांगत नाही, पण दिशा त्यावरच ठरते. हात आधी पोहोचले म्हणजे क्लबचे डोके मागे आहे आणि त्याचे वळणे अजून पूर्ण झालेले नाही, म्हणून फेस, म्हणजे डोक्याची चेंडूला लागणारी बाजू, उजवीकडे उघडा राहण्याकडे झुकतो. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के आणि ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या) बाबतीत सुमारे ८५ टक्के फेसच्या दिशेवर अवलंबून असते. त्यानंतर हवेत तो किती वळेल हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर ठरते. म्हणून नुसते हात पुढे ढकलायला शिकलेला खेळाडू सुंदर, खालून जाणारा फटका मारतो आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत शोधत बसतो. मी स्वतः एक पूर्ण हंगाम असाच घालवला आणि दोष खांद्यांना देत राहिलो.

हा उघडेपणा ग्रिपने भरून काढायचा असतो. क्लब जमिनीवर ठेवून आधी फेस लक्ष्याकडे सरळ करावा आणि मगच डावा हात लावावा. क्लबची मूठ तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरपी, म्हणजे तळव्यात नव्हे तर बोटांत बसली पाहिजे. मान खाली घालून पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे दोन ते तीन उंचवटे, ज्यांना मैदानावर सगळे नकल म्हणतात, दिसावेत. उजव्या तळव्याच्या खोलगट भागाने डावा अंगठा झाकावा, आणि दोन्ही हातांच्या अंगठा व तर्जनीमधील खाचा उजव्या खांद्याकडे रोख धरून असाव्यात. एकच नकल दिसत असेल तर ग्रिप कमकुवत आहे, म्हणजे कल वाढवताच फेस उघडा राहणार. तीनाहून अधिक दिसत असतील आणि हात पुढे जात नसतील तर चेंडू डावीकडे हुक होणार, म्हणजे झपकन वळणार. बोटे एकमेकांत अडकवायची की एकावर एक ठेवायची, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे. जुन्या काळचे गोल्फपटू हॅरी वॉर्डन यांच्या नावाने ओळखली जाणारी, करंगळी वर ठेवण्याची पद्धत आणि जॅक निक्लॉस यांची बोटे गुंतवण्याची पद्धत, दोन्हींनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत.

एक चूक मात्र फार आढळते. क्लब धरून झाल्यावर मनगटे फिरवून तीन नकल ‘दाखवले’ जातात, पण तेव्हा क्लबही सोबत फिरतो आणि ग्रिप होती तशीच राहते. पकड सैल करून हातच नव्याने बसवावा लागतो. घरी लादीच्या रेघेवर याची परीक्षा घेता येते: क्लब कमरेपर्यंत मागे नेऊन अगदी सावकाश खाली आणावा, डोके रेघेवर आणि हात तिच्या दोन-तीन इंच पुढे आले की थांबावे आणि फेस पाहावा. उजवीकडे बघत असेल तर ग्रिप किंचित उजवीकडे फिरवून पुन्हा करावे.

आपल्याकडच्या दमट हवेत घामाने मूठ निसटते, मग माणूस ती आवळतो, मनगटे ताठ होतात आणि बसवलेली ग्रिप वाया जाते. दोन हातमोजे आळीपाळीने वापरणे, टॉवेल जवळ ठेवणे आणि रबराच्या मुठी अधूनमधून भांड्यांच्या साबणाने धुणे, एवढ्याने बरेच काम होते.

काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगतच्या मैदानावर दुपारी समुद्राकडून वारा सुटला की कल मुद्दाम वाढवावा लागतो. अशा वेळी एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी कमी लॉफ्टचा, घ्यावा, मूठ इंचभर खाली धरावी, चेंडू नेहमीपेक्षा एक चेंडूभर मागे ठेवावा आणि फटक्यानंतर हात कमरेजवळ थांबवावेत. चेंडू मागे घेतल्याने फेस आणखी उघडा भेटतो, म्हणून या फटक्यापुरती ग्रिप थोडी अधिक उजवीकडे हवी.

पावसात भिजलेल्या मातीवरच्या चिपला (जवळच्या छोट्या फटक्याला) मात्र उलट करावे. १२ अंश बाउन्स (तळ पुढच्या कडेच्या खाली झुकण्याचा कोन) असलेला वेज, म्हणजे जास्त लॉफ्टचा क्लब, १० अंश पुढे कलवला तर हाती २ अंश उरतात, आणि पुढची कड चिखलात रुतते. तेथे शाफ्ट जवळजवळ सरळ ठेवावा. एप्रिल-मेच्या टणक, उघड्या जमिनीवर थोडा कल चालतो. ड्रायव्हरला तर कल जवळपास नकोच, कारण चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) उंच आणि डाव्या टाचेसमोर असतो. चेंडू घरंगळवण्याच्या पटरचा लॉफ्टच मुळी ३ ते ४ अंश, त्यामुळे तेथे जास्त कलवलेला शाफ्ट चेंडूला गवतात दाबतो.

सरावासाठी ओहोटीच्या वेळची घट्ट ओली वाळू उत्तम. लोक नसलेल्या जागी जुन्या आयर्नने रेघ ओढावी, चेंडूविना अर्धे स्विंग करावेत आणि वाळूवरचे ओरखडे पाहावेत. ओरखडा रेघेच्या अलीकडे सुरू होत असेल तर हात मागे राहत आहेत. तो रेघेवर किंवा तिच्या जरा पुढे सुरू होऊ लागला, की नकल पुन्हा मोजावेत आणि मगच चेंडू ठेवावा.