पहिला ट्रेलर, दोन रात्री: इंक्स लेक स्टेट पार्कचा वीकेंड कसा जमवायचा

टेक्सासातल्या मराठी घरांत तंबूची हौस एक-दोन उन्हाळ्यांत फिटते. रात्री दहालाही अंगाला चिकटणारी हवा, भारतातून आलेले आईबाबा, आणि मध्यरात्री पोराला बाथरूमला न्यायचं म्हणजे टॉर्च घेऊन निघालेली वरात. मग भाड्याच्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या छोट्या घराचा, विषय निघतो, आणि "आपल्याला जमेल का ओढायला?" इथे अडतो.

ओढायला जमतं. हायवेवर ट्रेलर मुकाट्याने मागून येतो. घोळ होतात ते थांबल्यावर, कारण ट्रेलरच्या कामात काय आधी आणि काय नंतर याला फार महत्त्व आहे. म्हणून खाली मुख्यतः क्रमच सांगितला आहे. उदाहरणाला इंक्स लेक स्टेट पार्क घेऊ. बर्नेट गावाच्या पश्चिमेला, ऑस्टिनहून साधारण सव्वा-दीड तासावर. १९३८ साली कोलोरॅडो नदीवर (टेक्सासच्या, ग्रँड कॅन्यनच्या नव्हे) धरण झालं, त्याचं हे तळं. शेजारचा लेक बुकॅनन दुष्काळात पार खाली जातो, इंक्स लेकची पातळी मात्र जवळपास तीच राहते. काठाला गुलाबी 'नाइस' (gneiss) जातीचा खडक आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना. पोरं त्यावर दिवसभर चढतात-उतरतात.

जागा पकडा

टेक्सास स्टेट पार्कांचं मुक्कामाचं बुकिंग ५ महिने आधी उघडतं. ब्लूबॉनेट फुलतात ते मार्च-एप्रिल आणि थंडावा सुरू होतो ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, इथले शनिवार-रविवार आधी जातात. वीज आणि पाणी दोन्ही असलेलीच जागा घ्या. जागेच्या माहितीत लांबी दिलेली असते, ती ट्रेलरच्या पूर्ण लांबीशी ताडून बघा. एका जागेवर जास्तीत जास्त ८ माणसं चालतात. दोन कुटुंबं असतील तर शेजारशेजारच्या दोन जागा घ्या, दाटीवाटी करू नका. प्रवेश शुल्क माणशी वेगळं पडतं. वर्षात तीन-चार पार्क होणार असतील तर ७० डॉलरचा वार्षिक पास परवडतो, त्यात तुमच्या गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश येतो.

जागा दुपारी २ ला ताब्यात मिळते. शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकाच. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेल्यावर साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पहिल्यांदा ट्रेलर मागे घेणाऱ्याने ते अंधारात करू नये.

वजनाचा हिशोब

इथे घाई नको. "माझी गाडी ५००० पौंड ओढते" हे वाक्य अर्धवट आहे. पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर तेवढं ओढते हे खरं, पण हायब्रिड सिएना फक्त १५०० पौंड ओढते, म्हणजे बहुतेक ट्रेलर तिच्यासाठी बादच. ट्रेलर भाड्याने देणारा मालक सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. समजा ते ३६०० पौंड आहे. टाकीत ३० गॅलन पाणी भरलं तर २५० पौंड वाढले. गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, कपडे, खुर्च्या, तांदळाची पिशवी धरून आकडा सहज ४३००-४५०० वर जातो. पार्कात नळ आहे, तेव्हा टाकी भरून नेण्यात अर्थ नाही. तळाशी चार-पाच गॅलन ठेवा, वाटेत हात धुण्यापुरते.

दुसरा हिशोब लोक विसरतात. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावरून तुमच्या गाडीच्या पाठीवर येतो. ४५०० पौंडांच्या ट्रेलरचे १२ टक्के म्हणजे ५४० पौंड. गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. हे ५४० त्यातूनच वजा होतात. उरलेल्यात पाच माणसं आणि कूलर बसतो का, ते बघा. बसत नसेल तर लहान ट्रेलर घ्या. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलून दांड्यावरचा भार कमी करायची युक्ती कोणी सुचवेल, ती अजिबात ऐकू नका. मागे जड झालेला ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो.

गाडी योग्य नसेल तर आणखी एक वाट आहे. भाड्याने देणारे कित्येक मालक ट्रेलर स्वतः पार्कात आणून, लावून देतात आणि रविवारी घेऊन जातात. पहिल्या खेपेला मला तरी हाच पर्याय शहाणपणाचा वाटतो. पैसे थोडे जास्त जातात, पण आत राहणं आवडतं की नाही हे आधी कळतं.

जोडणी

पेट्रोल आधी भरून या. ट्रेलर लावून पंपाच्या गर्दीत शिरण्याची हौस पुढच्या वेळी. गाडीच्या मागे ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर बसतो तो बॉल, आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या दांड्याची वाटी म्हणजे कपलर. बॉलचा आकार कपलरवर कोरलेला असतो, २ इंच किंवा २ पूर्णांक ५/१६ इंच. जवळपास सारखा दिसणारा बॉल चालत नाही. कपलर बॉलवर उतरवा, खटका लावा, पिन घाला. मग पुढचा जॅक उलटा फिरवून ट्रेलर किंचित वर उचला. गाडीचं मागचं अंगही सोबत वर आलं तर कपलर नीट बसलाय. नुसताच ट्रेलर उठला तर पुन्हा करा. मग जॅक पूर्ण वर घ्या, साखळ्या एकमेकींवरून तिरक्या लावा, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि दिवे-ब्रेकची सात पिनांची वायर जोडा. एकाने मागे उभं राहून ब्रेक आणि दोन्ही सिग्नल बघायचे. टायर गार असतानाच त्यांची हवा तपासा.

वेग ६० मैलांच्या आसपास ठेवा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ असते, मागचा ट्रकवाला काहीही म्हणो. आणि आजीला पाय पसरायला चालत्या ट्रेलरमध्ये झोपवायचं नाही. टेक्सासात ते बेकायदा आहे.

जागेवर पोचल्यावर

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात सरकवा. हळू. शंका आली की थांबा, खाली उतरा, बघून या. मदतीला एकच माणूस, आणि तो आरशात दिसेल असा उभा. चौघांनी चार दिशांनी "येऊ दे, येऊ दे" केलं की शेजारच्या जागांवरच्या लोकांची फुकट करमणूक होते. झाडाच्या फांद्यांकडे वर बघायला विसरू नका, छतावर एसी आहे.

आता क्रम असा. गाडी अजून जोडलेली असताना आधी डावी-उजवी पातळी बघा आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घाला. मग चाकांना दोन्हीकडून चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावा. त्यानंतरच गाडी सोडवा. पुढची-मागची पातळी पुढच्या जॅकने जुळवा. सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर (खाली सोडायचे आधाराचे पाय) टेकवा; ते डगडग थांबवण्यासाठी आहेत, ट्रेलर उचलण्यासाठी नाहीत.

विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, प्लग लावा, मग चालू करा. मध्ये सर्ज प्रोटेक्टर असलाच पाहिजे. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, त्याला पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी. गिझर लगेच लावू नका. आत गरम पाण्याचा नळ सोडा, फुरफुर थांबून सलग धार आली म्हणजे टाकी भरली. रिकाम्या टाकीवर विजेचा गिझर लावला तर आतलं एलिमेंट मिनिटांत जळतं.

स्वयंपाक आणि ३० अँपिअर

आपल्या लोकांचा ट्रेलर हमखास शनिवारी सकाळी अंधारात जातो. ट्रेलरला मिळणारे ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. एसी साधारण १५००, विजेवरचा गिझर १४००, त्यात इन्स्टंट पॉट १०००. झाले ३९००, ब्रेकर पडला. गिझर गॅसवर टाका, म्हणजे डाळभात आणि गारवा दोन्ही मिळतं.

फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्या. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म ओरडतो, आणि हिंगाचा वास पडद्यांत बसतो तो ट्रेलर परत करेपर्यंत. दशम्या, चटणी, मोडाची मटकी घरून न्या. जागेवरच्या जाळीवर शनिवारी संध्याकाळी वांगी भाजा. कोळशावर सालं काळी होऊन तडकली की झालं भरीत, घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर ती चव येत नाही. मात्र आधी पार्काच्या ऑफिसात बर्न बॅन (आग पेटवायला बंदी) आहे का विचारा. बंदी असेल तर लाकूड-कोळसा नाही. गॅसची शेगडी सहसा चालते. पार्कातली पडलेली लाकडं गोळा करायला मनाई आहे.

खरकटं, तेल, चहाचा चोथा सिंकमध्ये सोडू नका. ताटं कागदाने पुसून मग धुवा. सांडपाण्याची टाकी छोटी असते, आणि डाळीचं पाणी टेक्सासच्या उन्हात दुसऱ्या दिवशी जाणवतं.

मासे पकडायचे असतील तर पार्काच्या काठावरून लायसन्स लागत नाही. उघड्यावर दारू पिण्यास बंदी आहे. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, आणि कूलर गाडीत बंद करून झोपायचं, कारण रकूनला झाकण उघडता येतं.

रविवार

दुपारी १२ ला जागा सोडायची असते, त्यामुळे अकरानंतर डंप स्टेशनला, म्हणजे ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागेला, रांग लागते. साडेनऊला पोचा. निघताना पाणी-वीज काढा, गिझर बंद, स्टॅबिलायझर वर, ऑनिंग (दाराबाहेरचं कापडी छप्पर) गुंडाळलेलं, पायऱ्या आत. आधी गाडी जोडा, चॉक त्यानंतर काढा.

डंप स्टेशनवर हातमोजे घाला. जाड नळी आधी ट्रेलरला, मग जमिनीतल्या भोकात घट्ट बसवा. पहिला संडासाच्या टाकीचा खटका ओढा. ती पूर्ण रिकामी झाली की खटका बंद करून मगच बेसिन-शॉवरच्या टाकीचा ओढा, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. उलट केलं तर घाणेरडी नळीच गुंडाळून घरी न्यावी लागते. तिथला धुण्याचा नळ पिण्याच्या नळीला लावू नका.

ट्रेलर परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या असल्याचे, टायरचे आणि चारही बाजूंचे फोटो काढा, मालकासमोरच. डिपॉझिट त्याच दिवशी लेखी मागा.