घरातल्या रोपाला कुंडी घेताना

मनीप्लांटची मुळं तळाच्या भोकातून डोकावू लागली की कुंडी बदला, पण एकदम मोठी घेऊ नका. आधीच्यापेक्षा इंच-दीड इंच रुंद पुरे. जास्तीची माती ओल धरून बसते आणि मुळं कुजतात. कोरफड, स्नेक प्लांट यांना मातीची कुंडी उत्तम, तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. प्लास्टिकमध्ये माती उशिरा सुकते, पावसाळ्यात तर फारच.

तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत मात्र सोडाच. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं. भोकावर खापराचा एक तुकडा, फुगीर बाजू वर करून, ठेवला की झालं. बिनभोकाची चिनी मातीची कुंडी आवडलीच, तर रोप प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवा आणि साचलेलं पाणी ओतून टाका.