केबिनमध्ये जळका वास आला तर: नागपूरहून केबिन क्रू व्हायला निघालेल्यांसाठी

धरमपेठ, सीताबर्डीकडच्या क्लासेसमध्ये केबिन क्रूची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मला अधूनमधून बोलावतात. प्रश्न ठरलेले असतात. उंची किती लागते, इंग्रजी कच्चं असेल तर चालतं का, मुलाखतीला केस कसे बांधायचे. त्यांची उत्तरं क्लासवाले देतातच. मला बोलायचं असतं ते धुराबद्दल. ट्रेनिंगमधलं सगळ्यात जड प्रकरण तेच आहे आणि त्याची मनाची तयारी घरी बसूनही सुरू करता येते.

आधी एक खूणगाठ बांधा: वास आला की कळवायचं. खात्री झाल्यावर नाही, वास आल्यावर. नव्या मुलांना वाटतं, उगाच कॅप्टनला फोन केला आणि काहीच निघालं नाही तर? काही निघालं नाही तर उत्तमच. 2 जून 1983 ला एअर कॅनडाच्या डीसी-9 विमानात मागच्या शौचालयातून धूर आला. क्रूने प्रवाशांना पुढच्या रांगांत हलवलं, ओले टॉवेल वाटले, विमान सिनसिनाटीला उतरलंही. दारं उघडली आणि एक-दीड मिनिटात आख्खी केबिन पेटली. 46 पैकी 23 जण गेले. शौचालयातले स्मोक डिटेक्टर आणि जमिनीलगतचे दिवे त्यानंतर सक्तीचे झाले. आमच्या वर्गात हे शिकवलं गेलं तेव्हा मागे कुजबुजणारे सगळे गप्प झाले होते. उतरायला लागणारी मिनिटं मोजली की आपण फोन करायला घेतलेलं एक मिनिटसुद्धा खूप मोठं वाटतं.

आता वासाविषयी. मुंबईहून नागपूरला येताना मागच्या रांगेतले एक काकाजी सर्व्हिसच्या मधेच म्हणाले, "ताई, काहीतरी जळून राहिलं जी." मला गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या वाफेपुढे काही जाणवलं नव्हतं. मी त्यांच्या सीटपाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा कळलं. नाकाला एखाद्या वासाची पटकन सवय होते, म्हणून दुसऱ्या टोकाच्या सहकाऱ्याला बोलावून त्याला काय येतं ते विचारायचं आणि पहिला वास कसा होता, किती वाजता आला, हे लगेच लिहून ठेवायचं. त्या दिवशी कारण निघालं ओव्हन. आतल्या तळाशी सांडलेलं तूप-मसाला तापून धूर धरत होतं. अशा वेळी हात आपोआप ओव्हनच्या दाराकडे जातो. उघडायचं नाही. वीज बंद करायची, सर्किट ब्रेकर काढायचा, दार मिटलेलंच ठेवायचं आणि आग विझवायची बाटली हाताशी घेऊन उभं राहायचं. दार उघडलं की आत हवा जाते आणि नुसता धूर होता तिथे ज्वाळा होते.

शौचालयाचंही तसंच. दाराला हाताची मागची बाजू वरपासून खालपर्यंत लावून पाहायची. गरम लागलं तर आधी स्मोक हूड, म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावरून घालायचं आवरण, चढवायचा, मग बाटलीची नळी जाईल एवढीच फट करून हॅलॉन हा आग विझवणारा वायू मारायचा, पुन्हा दार लावायचं. हूडबद्दल कोणी आधी सांगत नाही ते सांगते. गळ्याभोवतीची रबरी पट्टी घट्ट असते आणि अंबाडा उंच बांधलेला असेल तर ती अडते. एकही बट पट्टीखाली राहिली तर धूर आत शिरतो. आत स्वतःचाच श्वास कानात मोठ्याने ऐकू येतो, चेहऱ्याशी उकाडा वाढतो आणि आपण बोललेलं बाहेर अर्धवट पोचतं. म्हणून हूडमध्ये दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायची सवय लावा. त्यात साधारण पंधरा मिनिटं मिळतात. पहिल्यांदा घातला की काढून फेकावासा वाटतो. वर्गात सराव मिळेल तितका मागून घ्या.

आग पहिल्यांदा पाहणारा विझवतो, दुसरा कॉकपिटशी बोलतो आणि फोन सोडत नाही, तिसरा जास्तीच्या बाटल्या आणतो, प्रवासी हलवतो. इथे ज्येष्ठ-कनिष्ठ पाहत नाहीत, म्हणून नव्याने लागलेली मुलगीही त्या क्षणी आग विझवणारी ठरते. फोनवरच्या माणसाने काय सांगायचं? धूर कुठे आहे, कोणत्या रंगाचा, किती दाट, वास कशासारखा, आपण काय केलंय, प्रवासी कसे आहेत. "मागे काहीतरी झालंय" एवढ्यावरून कॅप्टनला काहीच ठरवता येत नाही. नागपूर देशाच्या मधोमध असल्याने वरून जाणारी कितीतरी विमानं अडचणीत इथेच उतरायला येतात. तो निर्णय कॅप्टन तुमच्या चार वाक्यांवर घेणार असतो.

प्रवासी हमखास विचारतात, "वरचे मास्क का सोडत नाही?" कारण ते मास्क केबिनमधली हवाच ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात, म्हणजे धूर नाकात जातोच, शिवाय आगीजवळ ऑक्सिजन वाढतो. ते हवेचा दाब कमी झाला तर कामाचे. धुरात खाली वाका आणि ओलं कापड नाकातोंडावर धरा. धूर वर जमतो, खाली थोडी श्वास घेण्याजोगी हवा राहते. हे शांत आवाजात, मराठी-हिंदी-इंग्रजीत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सध्या सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं ते पॉवर बँक आणि मोबाइलवर. लिथियम बॅटरीतली एक सेल तापून फुटली की शेजारची तापते. हॅलॉनने ज्वाळा विझतात, पण आतली उष्णता राहते, म्हणून त्यानंतर पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय ओतत राहायचं. बर्फ लावायचा नाही, ब्लँकेटने झाकायचं नाही, कारण दोन्हींनी उष्णता आतच कोंडते. मोबाइल सीटच्या फटीत पडला असेल तर प्रवाशाला सीट हलवू देऊ नका. दबून बॅटरी फुटते. हे बोलायला लाज वाटू देऊ नका, त्यांना राग आला तरी चालेल.

डोळ्यांना धूर न दिसता नुसता वासच येण्याचे प्रसंगही असतात. बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनातून येते. इंजिनातलं तेल अडवणारं ऑइल सील गळलं की ओल्या मोज्यांसारखा कुबट वास येतो, कधी डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. बोइंग 787 मध्ये हवा इंजिनातून न घेता वेगळ्या विजेच्या कॉम्प्रेसरने आत घेतात. असा वास पाच मिनिटांत गेला तरी कळवा. आणि नुसत्या नाकावर विसंबू नका, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासच नसतो.

नागपुरात राहून काय करता येईल? आग विझवणं शिकवणारी देशातली मोठी संस्था, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, आपल्याच शहरात आहे. तिथे शिकून गेलेलं कोणी ओळखीचं असेल तर भेटून विचारा, धुरात माणूस दिशा का विसरतो. तुमच्या सोसायटीतलं किंवा कॉलेजमधलं अग्निशामक कुठे टांगलंय, पिन कशी निघते, हे पाहून ठेवा. चित्रपटगृहात बसल्यावर बाहेर पडायच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा. विमानात बसल्यावर आम्ही तेच करतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, घोषणेची यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी सगळे 379 जण बाहेर आले. क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर ते केलं, आणि प्रवाशांनी बॅगा सोडल्या.

उतरल्यावर रिपोर्ट लिहाल तेव्हा "विचित्र वास" लिहू नका. कशासारखा, कोणत्या रांगेपाशी, टेकऑफनंतर किती मिनिटांनी, कोणाचं डोकं दुखलं, हे लिहा, कारण इंजिनिअरला शोधायची दिशा त्यावरून मिळते. घसा किंवा डोकं धरलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कागद जपून ठेवा.