थायमिन वापरून बेंझॉइन करताना या चुका टाळा

बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू जोडून बेंझॉइन करण्याची अभिक्रिया व्होलर आणि लीबिग यांनी १८३२ मध्ये कडू बदामाच्या तेलावर काम करताना नोंदवली. तेव्हापासून तिचा उत्प्रेरक म्हणजे सायनाइड. आता प्रॅक्टिकलला त्याच्या जागी थायमिन हायड्रोक्लोराइड, म्हणजे व्हिटॅमिन बी१, वापरता येतं. विषारी कचरा उरत नाही आणि दोन्ही रेणूंमधला प्रत्येक अणू उत्पादनात जातो. तरीही पुष्कळ मुलांच्या फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशी नुसतं पिवळं तेल दिसतं आणि दोष थायमिनला दिला जातो. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो.

आधी बेंझाल्डिहाइडची बाटली बघा. झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमले असतील, तर ते बेंझॉइक आम्ल आहे. हवेतल्या ऑक्सिजनने अल्डिहाइडचं आम्ल झालेलं असतं. थोडंसं आम्ल काय बिघडवणार, असं वाटतं, म्हणून हा हिशेब मांडून पाहा. ९ मिली बेंझाल्डिहाइड म्हणजे सुमारे ८९ मिलिमोल. त्यातलं ५ टक्के आम्ल झालं असेल, तर साधारण ४.४ मिलिमोल आम्ल आलं. नेहमीच्या पद्धतीत थायमिन घेतलं जातं १.५ ग्रॅम, म्हणजे तेही जवळपास ४.४ मिलिमोल. थायमिनला कामाला लावणारा सगळा बेस (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) त्या आम्लातच खर्ची पडतो. नवी बाटली उघडा, किंवा जुनं अल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, सुकवून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करून घ्या. माझ्या मते वेळ कुठे घालवायचाच असेल, तर तो इथे घालवावा.

दुसरी चूक सोडियम हायड्रॉक्साइड घालताना होते. थायमिनचं द्रावण बर्फाच्या टबमध्ये ठेवा आणि बेस थेंबाथेंबाने, हलवत घाला. तापमान २० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. बेसचा पहिला समतुल्य भाग, म्हणजे थायमिनइतकेच मोल, हायड्रोक्लोराइडमधलं आम्ल शमवतो. तेवढाच दुसरा भाग थायमिनमधल्या थायझोलियम वलयावरचा (गंधक आणि नायट्रोजन असलेल्या कड्यावरचा) प्रोटॉन काढतो आणि खरा उत्प्रेरक तिथे तयार होतो. रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये ही यंत्रणा मांडली. बेस त्याहून जास्त झाला तर वलयच उघडतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही. द्रावण पिवळसर झालं म्हणून घाबरू नका. अल्डिहाइड घातल्यावर पीएच कागद लावून बघा आणि ८ च्या खाली असेल तरच आणखी एखादा थेंब घाला. विदर्भात उन्हाळ्यात नळाचं पाणीही कोमट असतं. तिथे बर्फाला पर्याय नाही.

थायमिनचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवू नका. मेडिकलमधल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही चालत नाहीत, कारण त्यात इतर जीवनसत्त्वं आणि भराव असतो.

घाई झाली की मुलं फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात ठेवतात. ६० ते ६५ अंशांवर तास-दीड तास पुरतो. त्याच्या वर थायमिन टिकत नाही. वेळ असेल तर फ्लास्क बूच लावून खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवा. वीजही वाचते.

तेल सुटलं आणि स्फटिक आलेच नाहीत, तर फेकू नका. थोडं कोमट करून एकजीव करा, सावकाश थंड होऊ द्या, काचेच्या कांडीने आतून घासा आणि शुद्ध बेंझॉइनचा एखादा कण टाका. वाया गेलेल्या बॅचमध्ये घातलेलं प्रत्येक रसायन कचराच ठरतं.

बेंझॉइन सुमारे १३४ ते १३७ अंशांना वितळतं. मेल्टिंग पॉइंट खूप खाली आला, तर चिमूटभर पदार्थ सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाका. बुडबुडे आले तर आम्ल मिसळलेलं आहे.

आणि एक चूक हिशेबाची आहे. अणू-काटकसर, म्हणजे घेतलेल्या अणूंचा उत्पादनात गेलेला वाटा, १०० टक्के आली म्हणजे प्रयोग हरित (पर्यावरणाला कमी घातक) झाला, असं जर्नलमध्ये लिहू नका. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर काढा: एकूण कचऱ्याचं वजन भागिले उत्पादनाचं वजन. पुनर्स्फटिकीकरणाचं इथेनॉल त्यात धरा. ते किमान लागेल एवढंच, गरम करून वापरा आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता वर्गाचं एकत्र गोळा करा, म्हणजे इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येतं. पुढे बेंझॉइनचं ऑक्सिडीकरण करून बेंझिल करायला तीव्र नायट्रिक आम्ल घेणार असाल, तर तपकिरी वायू निघतो, तेव्हा फ्युम हूडशिवाय सुरुवात करू नका. त्याऐवजी उत्प्रेरक म्हणून थोडं कॉपर ॲसिटेट आणि सोबत अमोनियम नायट्रेट वापरण्याची पद्धत आहे. सरांना ती विचारून बघा.