सफारीसाठी कॅमेरा घेताय? आधी लेन्सचं बघा

सफारी ठरली की पहिला प्रश्न असतो कॅमेरा कुठला घेऊ, आणि बरेच जण बॉडीतच (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) सगळं बजेट संपवतात. माझं स्पष्ट मत आहे, पैसे आधी लेन्समध्ये घाला. बहुतेक ठिकाणी गाडीतून खाली उतरता येत नाही, म्हणजे चार पावलं पुढे जाऊन फ्रेम जुळवायचा मार्गच बंद, जे काय करायचं ते लेन्सनेच करायचं.

मग किती एमएमची (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं)? फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) ४०० तरी हवीच, पक्षी पण काढायचे असतील तर ६०० पर्यंत जा. क्रॉप सेन्सरची (त्याहून लहान सेन्सरची) बॉडी असेल तर इथे फायदाच आहे, १.५ च्या क्रॉपमुळे (कॅननला १.६) ४०० ची लेन्स साधारण ६०० सारखी फ्रेम देते, त्यामुळे जुनी क्रॉप बॉडी विकायची अजिबात घाई करू नका. प्राइम (एकाच एमएमची) की झूम (एमएम कमी-जास्त करता येणारी) विचाराल तर पहिल्या सफारीला झूमच घ्या, १००-४०० नाहीतर १५०-६००. ६०० एमएमवर दहा मीटरवरचा हत्ती म्हणजे फ्रेममध्ये जेमतेम दोन फूट रुंदीचा तुकडा, डोळा, पापण्या आणि कातडीच्या सुरकुत्या... तो फोटोही सुंदर होतो पण आख्खा हत्ती हवा असेल तर झूम मागे घेऊनही भागत नाही, म्हणून सोबत २४-१०५ सारखी छोटी लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून ठेवा, ते नसेल तर, जिथे फोन चालतो तिथे, फोन हाताशी ठेवा. गाडीत लेन्स बदलत बसू नका, धूळ थेट सेन्सरवर जाते.

आता उजेडाचं. जनावरं जास्त करून पहाटे आणि सांजेला हलतात, नेमका तेव्हाच उजेड कमी. एफ/४ च्या लेन्सवर (एफचा आकडा लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, मोठं) आयएसओ (कमी उजेडात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ला जे एक्सपोजर मिळतं त्यासाठी एफ/६.३ वर ८००० लागतो, एवढाच हिशोब आहे, आणि मोठ्या अॅपर्चरच्या लेन्सची किंमत आणि वजन दोन्ही बघितलं तर मी म्हणेन आयएसओ वाढू द्या. नॉइज (वाढलेल्या आयएसओमुळे फोटोत दिसणारे दाणे) नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो, हललेला फोटो मात्र काही केल्या नीट होत नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पळणारं हरीण नाही, त्यामुळे पळणाऱ्या प्राण्याला शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या खाली आणू नका, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा जास्त, आणि आयएसओ ऑटोवर टाका. टेलिकन्व्हर्टरचा (लेन्स आणि बॉडीमध्ये लावायचा, एमएम वाढवणारा जोड) मोह होतो पण १.४ वाला पूर्ण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो, एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते, ऑटोफोकस पण चाचपडायला लागतो. अशा झूमवर नकोच.

ट्रायपॉड घरीच ठेवा, गाडीत तो उघडायला जागा नसते. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) घ्या, ती पण रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ नाहीतर डाळ भरा, म्हणजे विमानात वजनाची कटकट नाही. खिडकीच्या कडेवर ठेवायची, लेन्सचा पुढचा भाग तिच्यात थोडा दाबून बसवायचा आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं, इंजिनची थरथर लांब लेन्सवर लगेच दिसते.

भर दुपारी लांबचे फोटो मऊ आले तर लेन्सला दोष देऊ नका, तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि त्यावर जवळ जाण्याशिवाय उपाय नाही.

मोठी लेन्स एकदाच लागणार असेल तर सरळ भाड्याने घ्या, फक्त निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी, आणि आसपासच्या पक्ष्यांवर, कुत्र्यांवर हात बसवून घ्या. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर बॅटऱ्या तरी तीन ठेवा, बर्स्टमध्ये (एका दमात भराभर फोटो काढताना) कार्डं पण पटापट भरतात, आणि रोज रात्री फोटो दुसरीकडे कॉपी केल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.