दाढीनंतर मान चुणचुणते?

नाशिकच्या थंडीत सकाळी घाईघाईत दाढी उरकली की माझ्या मानेवर लाल पुरळ यायचं, वर स्वेटरची कॉलर घासायची. आता असं करतो:

१. दाढी आंघोळीनंतरच. केस मऊ झालेले असतात. तरी फेस लावून दोन मिनिटं थांबायचं.
२. पातं केसांच्या दिशेनेच, न दाबता. मानेवरचे केस कुठे खाली, कुठे चक्क आडवे वाढतात. आधी बोट फिरवून बघा. माझी चूक इथेच होत होती.
३. पाच-सात दाढ्यांनंतर पातं बदला.
४. शेवटी गार पाण्यात पिळलेला पंचा मानेवर ठेवा, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर.

आग होत असेल तर तुरटी किंवा आफ्टरशेव्ह नको. पू धरला तर दाढी थांबवून डॉक्टरांना दाखवा.