पेठेतील शेजार कसा तपासावा

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत किंवा शहरातील कोणत्याही जुन्या भागात शेजार कितपत टिकून आहे हे पाहायचे असल्यास, संध्याकाळी एकच गल्ली निवडून सावकाश चालावे आणि साध्या नकाशावर दारे, ओटे, किराणा दुकाने व लोक थांबून बोलतात त्या जागा नोंदवाव्यात. पायरीवर मेथी निवडणाऱ्या बाईला समोरच्या दारातील शेजारणीशी आवाज न चढवता बोलता येते का, हे विशेष पाहावे.

त्यानंतर वाहने मोजावीत. हे काम कंटाळवाणे असले तरी माझ्या मते तेच निर्णायक आहे. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या रस्त्यावर रहिवाशाचे तिथेच सरासरी ३ मित्र होते, तर १६,००० वाहनांच्या रस्त्यावर ०.९.

कुंपणाच्या अपार्टमेंटमध्ये मात्र वेगळा प्रश्न विचारावा. चीनमधील जुन्या दानवेई वसाहतींनाही, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेनेच कामगारांसाठी उभारलेल्या वसाहतींनाही, भिंत होती. परंतु घर, नोकरी आणि अनेकदा दवाखानाही आतच असल्याने ओळखी दाट होत. आजच्या संकुलांत भिंत उरली, सामायिक व्यवहार आटला. २०१६ मध्ये तेथील सरकारने नवी बंद संकुले सर्वसाधारणपणे न बांधण्याची सूचना केली. म्हणून आपल्या सोसायटीत गणपतीखेरीज लोक कशासाठी एकत्र येतात हे लिहून काढावे, आणि यादी रिकामी राहिल्यास पार्किंगची एक जागा सोडवून तेथे बाकडी मांडण्याचा ठराव सभेत आणावा.